हाताचा वास

बारा वर्षं बस चालवणाऱ्या बाईला कुणी सांगितलं की आज आभाळ भरलंय म्हणून गाडी सुटणार नाही, तर ती त्या माणसाला वेड्यात काढील. बस पावसात सुटते, धुक्यात सुटते आणि वाऱ्याने लोकांच्या छत्र्या उलट्या होत असतात तेव्हा तर हमखास सुटते, कारण त्याच दिवशी ती लोकांना जास्त हवी असते. आपली ही बाई चार नंबरची बस चालवायची. पावसाच्या नावाखाली तिने एकही फेरी चुकवली नव्हती. त्यामुळे विमान शिकायला आल्यावर तिचं भांडण यंत्राशी झालं नाही, पुस्तकाशीही झालं नाही. झालं ते थेट ढगांशी.

विमान शिकवणारी संस्था शहराबाहेर होती. म्हणजे एक धावपट्टी, पत्र्याच्या छपराचं एक ऑफिस, एक शेड आणि दोन लहान विमानं. त्यातल्या एकाचं इंजिन शेडमध्ये खोलून ठेवलेलं आणि दुसरं बाहेर दोरांनी बांधलेलं. शिकवणारे मास्तर साठीला टेकलेले होते. पहिल्या दिवसापासून त्यांनी हिचं नाव ‘बसवाली’ ठेवलं, आणि हिलाही ते आवडलं.

ऑफिसात टेबलामागे एक पाटी होती आणि पाटीखाली चिटणीस बसायचे. पाटीवर नियम लिहिलेले होते. त्यातला एकच बसवालीच्या डोक्यात घोंघावत असायचा: प्रवेश घेतल्यापासून साठ दिवसांत एकट्याने पहिलं उड्डाण झालं नाही, तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. तीन वर्षं यादीत थांबून तिला ही जागा मिळाली होती. जागा गेली की पुन्हा यादीच्या शेपटाला, म्हणजे आणखी तीन वर्षं. ती आत्ताच अडतीस वर्षांची होती. डेपोत साठ दिवसांची सुट्टी मागताना साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं होतं, त्यावरून एवढी सुट्टी पुन्हा मिळणार नाही हेही तिला कळलं होतं.

एक्केचाळिसाव्या दिवशी मास्तर विमानातून उतरले आणि म्हणाले, “तयार आहेस. उद्या एकटीने.”

आणि बेचाळिसाव्या दिवशी सकाळी पाऊस लागला. हातातोंडाशी आलेला घास म्हणतात तो हा.

मोठा पाऊस असता तर तिने त्याला मानलं असतं. हा नुसता पिरपिर पिरपिर करणारा, थांबल्यासारखा करून पुन्हा लागणारा, आणि वर ढगांचं झाकण घट्ट बसवलेलं. ती रोज सात वाजता सायकल दामटत यायची. मास्तर पडवीत उभं राहून वर बघायचे. “ढग आठशे फुटांवर. बस.” दुसऱ्या दिवशी, “सहाशे. बस.” तिसऱ्या दिवशी नुसतं बाकाकडे बोट.

“मास्तर, एवढ्या पावसात मी सत्तर माणसं घेऊन पूल ओलांडते,” ती एकदा फणकारून म्हणाली.

“बस बंद पडली तर काय करतेस?”

“बाजूला घेते.”

“वर बाजू नसते,” मास्तर म्हणाले आणि चहा प्यायला लागले.

हे तिला पटलं. पण पटलेलं आणि पचलेलं यांत फरक असतो. दिवस मोजून मोजून तिची झोप उडाली. घरी नवऱ्याने, जो बेकरीत पहाटेपासून भट्टीसमोर उभा असायचा, एकदा नुसतं विचारलं, “आज कसं होतं आभाळ?” तर ती त्याच्यावर अशी खेकसली की त्या बिचाऱ्याने आठवडाभर आभाळाचा विषय काढला नाही.

पाऊस सतरा दिवस टिकला; त्यांत तिला कुणी सांभाळलं असेल तर ते संस्थेच्या मेकॅनिकने. त्यांना सगळे नाककाका म्हणायचे, त्यांच्या तोंडावरसुद्धा. त्याचं कारण त्यांची एक खोड होती. उडण्याआधी शिकणाऱ्याने विमानाच्या दोन्ही पंखांखालून थोडं थोडं पेट्रोल एका पारदर्शक कपात काढून बघायचं असतं. टाकीत पाणी शिरलं असेल तर ते जड म्हणून तळाशी बसतं आणि कपात मधोमध रेघ दिसते. विमानाच्या पेट्रोलला ओळखू यावं म्हणून फिकट निळा रंग दिलेला असतो, पाणी बिनरंगी. कप एखाद्या पांढऱ्या वस्तूसमोर धरायचा, रेघ नाही ना बघायचं, रंग निळा आहे ना बघायचं, झालं. जगभर एवढंच करतात. नाककाकांचं एवढ्याने भागत नसे. ते कपातलं बोटांवर घ्यायला लावायचे आणि मग म्हणायचे, “हात दाखव.” हात दाखवला की तो नाकाशी नेऊन हुंगायचे. पेट्रोलचा वास आला की “जा”, मगच विमान हलायचं.

यावरून त्यांची जी थट्टा व्हायची, तिच्यात बसवाली सगळ्यांच्या पुढे. “काका, नाकाने कांदे सोलायचे बाकी राहिलेत तुमचे,” ती म्हणायची. काका हसायचे. “हस, हस. डोळ्याला जे हवं असतं ते दिसतं, बाई. नाकाला कसली हौस नसते.”

पावसाच्या दिवसांत काकांनी तिला बाकावर कुढत बसू दिलं नाही. खोललेल्या इंजिनाचे भाग पेट्रोलने धुवायला दिले, चाकांची हवा बघायला लावली, कुठला नट किती आवळायचा ते हाताला शिकवलं. तिचे हात सदा पेट्रोलने माखलेले. दुपारी बाकावर बसून डबा खाताना पावालाही तोच वास यायचा. आणि संध्याकाळी घरी गेल्यावर दारातच सासूबाई नाक मुरडून उभ्या.

“आला पेट्रोलपंप घरी! आधी हात धू सूनबाई, मग कशालाही शिव.” मोरीपाशी त्यांनी तिच्यासाठी अर्धं लिंबू कायमचं ठेवून दिलं होतं. तरी डबा मात्र रोज त्याच करून द्यायच्या. त्यांचा राग वासावर होता, सुनेवर नव्हता. पण हे त्या कधी बोलून दाखवणाऱ्यातल्या नव्हत्या.

अठ्ठावन्नाव्या दिवशी संध्याकाळी काका हात पुसत म्हणाले, “उद्यापासून चार दिवस मी नाही. डोळ्यातला मोतीबिंदू काढायचाय. मी नसलो तरी हात हुंगायचा बरं का.”

“हो काका,” ती म्हणाली. हो म्हणायला काय जातं?

एकोणसाठाव्या दिवशी ती उठली तर खिडकी उजळलेली. आधी खरंच वाटेना. अंगणात येऊन तिने मान वर केली. वर सगळं निळं होतं. इतकं निळं, की तिला भरून आलं. सासूबाईंनी घाईघाईत पावात अंडं घालून डबा हातात कोंबला. “जा, जा. आभाळाचा काय भरवसा!”

मास्तरही त्या दिवशी पडवीत न थांबता विमानापाशीच उभे होते. सतरा दिवसांचा खंड पडला म्हणून आधी दोघांनी मिळून एक फेरी मारायची, मग मास्तर उतरणार आणि ती एकटी जाणार, असं ठरलं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी तिची गत. दोर सोडले, इंजिनावरची ओली झाकणं काढली, चाकं बघितली, पंखांखाली वाकून कपात पेट्रोल काढलं. आणि कप उंच धरला तो सरळ आभाळासमोर. पांढऱ्या पंखासमोर धरायचा हे तिला पाठ होतं. पण सतरा दिवसांनी आलेली ती निळाई, तिच्याकडे हात आपोआप गेला. कपात स्वच्छ, निळंशार. रेघ नाही. दुसऱ्या पंखाखालीही तेच.

“पाणी?” मास्तरांनी विचारलं.

“थेंब नाही!”

दोघं आत बसले. पट्टे आवळले. तिचा हात किल्लीकडे गेला, तेवढ्यात मास्तर समोर बघत म्हणाले, “थांब.”

धावपट्टीच्या पलीकडच्या टोकावर एक राखाडी पट्टा सरकत येत होता. मोठा नव्हता. चादरीएवढा ढग, पण खालून चाललेला.

“जाईल तो. अर्धा तास,” मास्तर म्हणाले.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सतरा दिवस गिळलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. “तुम्हाला कारणच हवं असतं मास्तर! एवढासा ढग! उद्या साठावा दिवस आहे माझा, तुम्हाला काय त्याचं!” तिने हातातली कागद अडकवलेली पाटी सीटवर आदळली आणि खाली उतरली. मास्तर ढगाकडेच बघत राहिले. तेही भांडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

ती पंखाच्या सावलीत, चाकाला लावायच्या लाकडी ठोकळ्यावर जाऊन बसली. रागात तिला नेहमी भूक लागायची. डबा उघडला, पावाचा मोठा घास तोडला.

पाव काय सुंदर लागत होता! ताजा, भट्टीचा, कडा खरपूस. नवऱ्याने आज काही वेगळं केलं की काय? तिने दुसरा घास घेतला. लोणी जास्त घातलंय का? दोन महिने हाच पाव ती इथे येऊन खात होती, आणि आज पहिल्यांदा तो घरच्यासारखा लागत होता.

घास तोंडातच थांबला.

तिने उजवा हात नाकाशी नेला. पावाचा वास होता, अंड्याचा होता. बोटं फाकून पुन्हा हुंगली. आत्ता, पाव तास आधी, दोन्ही पंखांखालचे कप काढताना याच बोटांवरून ओघळ गेला होता. पेट्रोलचा वास पुसटसाही नव्हता.

तिची पाचावर धारण बसली. पाव गुंडाळलेला पांढरा कागद डब्यातून ओढून ती पंखाखाली गेली. कप भरला. या वेळी तो कागदासमोर धरला. निळा रंग नव्हताच; मघाशी दिसला तो आभाळाचा. रेघ नव्हती, कारण रेघ पडायला दोन गोष्टी लागतात, आणि कपात एकच होती. तिने ते जमिनीवर ओतलं. पेट्रोल बघता बघता उडून जातं. हे तसंच राहिलं, फरशीवर सांडलेल्या पाण्यासारखं.

एक क्षण, खोटं कशाला बोला, एक क्षण तिच्या मनात साठावा दिवस येऊन गेला. मग तिने हाक मारली.

“मास्तर, पाणी आहे. मी चुकले. सगळं पाणीच आहे.”

मास्तर उतरून आले. त्यांनी स्वतः कप भरला, बघितला, ओतला, पुन्हा भरला. नऊ कप नुसतं पाणी निघालं आणि दहाव्यात कुठे रेघ दिसली. दोन्ही पंखांवर चढून त्यांनी टाक्यांची झाकणं उघडली, तर आतल्या रबरी चकत्या तडकलेल्या. सतरा दिवस पाऊस त्यांच्यातून थेंब थेंब आत उतरत होता. खाली येऊन मास्तर तिच्याशेजारी त्या ठोकळ्यावर बसले. माणूस एकदम म्हातारा दिसायला लागला.

“इंजिन सुरू झालं असतं,” ते हळूच म्हणाले. “नळीत उरलेलं पेट्रोल असतं ना. त्याच्यावर धावलोही असतो. चाकं सुटली असती जमिनीवरून.”

 दोघांनी धावपट्टीच्या टोकाकडे पाहिलं. तिथे विटांच्या भट्ट्या होत्या, त्यापुढे विजेच्या तारा. आणि वर तो चादरीएवढा ढग सावकाश निघून चालला होता. बरोबर अर्धा तास झाला होता.

“मी मघाशी नको ते बोलले,” ती म्हणाली.

“मीही पाण्याबद्दल नुसतं विचारलं, बघितलं नाही,” मास्तर म्हणाले. “माझ्या नोकरीत हे जास्त वाईट.”

तिने ढगाकडे बघून दोन्ही हात जोडले. असल्या गोष्टीवर तिचा विश्वास नव्हता, तरी जोडले. देव तारी त्याला कोण मारी असं लोक म्हणतात. तिला देव दिसला नाही, ढग दिसला. आणि आठवले ते नाककाका, ज्यांना ती दोन महिने हसत आली होती आणि जे या वेळी डोळ्यावर पट्टी बांधून कुठल्याशा दवाखान्यात पडले असतील. ती रडली. मास्तरांनी रुमाल पुढे केला. त्या रुमालाला मात्र पेट्रोलचा भरपूर वास होता.

आता काका परतल्याशिवाय टाक्या धुतल्या जाणार नव्हत्या, आणि तोवर विमान जागचं हलणार नव्हतं. म्हणजे साठावा दिवसही गेला. पण गंमत अशी की तिला त्याचं आता फारसं दुःख वाटेना. जीव वाचल्यावर माणूस जागेसाठी भांडत नाही. ती शांतपणे ऑफिसात गेली. मास्तरही मागोमाग आले.

चिटणिसांनी सगळं ऐकून घेतलं. ते हळहळले नाहीत, शाबासही म्हणाले नाहीत. त्यांनी पट्टी काढली, वही काढली, पेनाचं टोपण उघडलं.

“विमान उडण्यालायक नाही, हे आज आढळलं?”

“हो.”

“आणि नादुरुस्त कधीपासून?”

मास्तर म्हणाले, “पाणी पहिल्या पावसापासूनच शिरत असणार. म्हणजे यांचा बेचाळिसावा दिवस.”

चिटणिसांनी वळून पाटीकडे पाहिलं, जणू ती त्यांना पाठ नव्हती. “नियम सात. हवा खराब असेल ते दिवस धरायचे, कारण हवा संस्थेच्या हातात नाही. विमान नादुरुस्त असेल ते दिवस धरायचे नाहीत, कारण विमान संस्थेचं आहे.” त्यांनी वहीत अठरा चौकोनांवर पट्टी धरून सरळ रेघ मारली. “बाई, तुमचे एक्केचाळीस दिवस झालेत. एकोणीस शिल्लक.”



“पण... पाऊस होता,” बसवाली म्हणाली. प्रामाणिकपणा कधी कधी असा अवेळी उफाळून येतो. “विमान चांगलं असतं तरी मला उडता आलं नसतं.”

“तसं नियमात लिहिलेलं नाही,” चिटणीस म्हणाले आणि टोपण लावलं. त्यांच्या ओठांचा कोपरा हलल्यासारखा वाटला, पण शपथेवर कोण सांगणार!

ज्या पावसाने दिवस नेले, त्यानेच टाकीत उतरून ते परत केले. ती सायकलवरून घरी जाताना एकटीच हसत होती आणि चार नंबरच्या थांब्यावरचे लोक तिच्याकडे बघत होते.

घरी तिने सगळं सांगितलं, पावासकट. नवऱ्याने ताटावरून उठून तिचा हात धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. सासूबाई ऐकून उठल्या आणि घासलेली भांडी पुन्हा आपटून आपटून घासायला लागल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बघितलं तर मोरीपाशी लिंबू नव्हतं.

सुट्टी संपली. तिने डेपोत दुपारची पाळी मागून घेतली. पाचव्या दिवशी काका आले, एका डोळ्यावर हिरवी पट्टी लावून. टाक्या धुवून, नव्या चकत्या बसवून झाल्यावर ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“काका, मी तुम्हाला फार हसले. आज मी जिवंत आहे ती तुमच्यामुळे.”

काका गडबडले. असलं काही तोंडावर ऐकायची त्यांना सवय नव्हती. “मी कुठे होतो तिथे? मी तर दवाखान्यात झोपलो होतो,” ते पुटपुटले. “त्या पावाचे आभार मान.”

“पावाचेही मानले. तुमचेही घ्या.”

“बरं, घेतले.” त्यांनी उघड्या डोळ्याची कड पुसली. “चल, हात दाखव.”

तिने हात पुढे केला. काकांनी हुंगला, एकदा, मग पुन्हा एकदा.

“जा.”

ठरल्याप्रमाणे दोघांची एक फेरी मारून मास्तर उतरले आणि त्यांनी दार लावून घेतलं. शेजारची सीट रिकामी झाली. बसमध्ये तिच्या पाठीमागे सदा माणसं असायची: खोकणारी, भांडणारी, सुट्ट्यासाठी ओरडणारी. आज कुणीच नव्हतं. मास्तरांचं वजन कमी झाल्याने विमान तिला वाटलं त्याच्या आधीच उचललं गेलं. विटांच्या भट्ट्या खालून गेल्या, तारा गेल्या. त्या दिवशी कुठवर पोचलो असतो, हे तिने बरोबर ओळखलं आणि तिच्या तोंडून निघालं, “मेहेरबानी.” कुणाला म्हणाली ते तिलाही सांगता आलं नसतं. इंजिन एकसुरात चाललं होतं. दूर पुलावरून चार नंबरची बस चालली होती, आगपेटीएवढी. उतरताना विमान जमिनीला टेकून दोनदा उसळलं, त्यावर मास्तर पुढे महिनाभर बोलणार होते.

दुपारची पाळी आटोपून ती घरी आली तेव्हा सासूबाई दारातच होत्या.

“झालं?”

“झालं, आई. एकटीने.”

त्यांनी मान हलवली. मग कडक आवाजात म्हणाल्या, “हात दाखव.”

तिने दाखवला. सासूबाईंनी तो दोन्ही हातांत घेतला, नाकाशी नेला आणि डोळे मिटून मोठा श्वास घेतला. पाळीभर स्टिअरिंग धरूनही सकाळचा वास बोटांच्या पेरांत शिल्लक होता.

“येतोय,” त्या म्हणाल्या.  “येतोय गं बाई.”

मग त्यांनी तिला धुवायला न पाठवता, त्याच हातात पाव ठेवला.